जुने सिमेंटचे पत्रे उतरवायचे आहेत : घराची पडवी आणि लूमची शेड

शेड_इचलकरंजी
लूमची शेड आणि तिला लागून घराची मागची पडवी, दोन्हीवर 1980 च्या दशकातले सिमेंटचे पन्हळी पत्रे आहेत. अडीच मीटरचे एकूण 64. सात-आठ पत्रे तडकलेत, वरून शेवाळ धरलंय, खाली लोखंडी अँगलच्या कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे) आहेत. वळिवाच्या आधी काम उरकायचंय. फॅब्रिकेटरचं म्हणणं असं : गंजलेले जे-बोल्ट (पत्रे सांगाड्याला धरणारे हुकाचे बोल्ट) ग्राइंडरने कापू, पत्रे वरूनच खाली सोडू, जे फुटतील त्यांचा चुरा अंगणात भरावाला वापरू. शेडमध्ये 12 लूम (यंत्रमाग) आणि एक कांडी मशीन (सूत कांड्यांवर गुंडाळणारं) आहे. या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं म्हणतात. काम नेमकं कसं करावं? की प्रेशर वॉशरने धुऊन वॉटरप्रूफ रंग मारला तरी भागेल?

सेफ्टी_एमआयडीसी
फॅब्रिकेटरने सांगितलेल्या तिन्ही गोष्टी करू नका. प्रेशर वॉशरही नको.

त्या काळातला 6 मिलिमीटरचा सिमेंटचा पत्रा ॲस्बेस्टॉसचा आहे असंच धरून चाला. खालच्या बाजूला आयएस 459 चा (ॲस्बेस्टॉस सिमेंट पत्र्यांच्या भारतीय मानकाचा) शिक्का दिसला तर खात्रीच. साधारण दहा टक्क्यांच्या आसपास क्रायसोटाइल (पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचे) तंतू आणि बाकी सिमेंट, फ्लाय ॲश वगैरे. तंतू सिमेंटमध्ये अडकलेले असतात तोवर धोका कमी. पत्रा कापला, घासला, फोडला की ते सुटतात. हे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, हवेत तासन्‌तास तरंगतात, श्वासातून फुप्फुसात खोल जातात आणि शरीराला ते विरघळवून बाहेर टाकणं जमत नाही.

ग्राइंडरची चकती बोल्टला लागते तशी भोवतालच्या पत्र्यालाही लागते, आणि मिनिटाला हजारो फेऱ्यांनी फिरणारी ती चकती सुक्या सिमेंटची अगदी बारीक पूड करते. प्रेशर वॉशरचंही तसंच. चाळीस वर्षांच्या पावसाने वरच्या थरातलं सिमेंट झिजलेलं असतं, हात लावला तर लव लागल्यासारखं जाणवतं. ती लव म्हणजे उघडे पडलेले तंतू. पाण्याचा जोर तो थर खरवडून पन्हळीत (छपराच्या कडेच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळीत), अंगणात आणि शेजाऱ्याच्या भिंतीवर नेऊन टाकतो, आणि चिखल वाळला की तेच वाऱ्यावर उडतं.

पत्रे धड असते तर मी म्हटलं असतं, हात लावू नका, वर्षातून एकदा खालून तपासा. पण सात-आठ तडकलेत, खाली रोज माणसं काम करतात आणि लूमच्या कंपनाने तडे वाढत जाणार. उतरवणंच योग्य.

रूफिंग_सांगली
उतरवायची पद्धत लिहितो. मुळात एकच गोष्ट सांभाळायची : पत्रा ओला असावा आणि अखंड खाली यावा.

तयारी. लूमवरचे बीम (सूत गुंडाळलेले रूळ) आणि कापड काढून घ्या. मशीनवर जाड प्लास्टिक (200 मायक्रॉनच्या आसपास) अंथरून टेपने बंद करा. काम चालू असताना शेडमध्ये लूम कामगार, कांडीवाल्या बायका, लहान मुलं कोणीही नको. घराच्या त्या बाजूच्या खिडक्या बंद. सकाळी लवकर सुरू करा. दुपारी वारा सुटला की थांबा.

ओलं करणं. फवारणीचा पाठीवरचा 16 लिटरचा पंप चालतो, पण औषध मारलेला नको, कोरा घ्या. पाण्यात भांडी घासायचं लिक्विड दोन-तीन मोठे चमचे घाला, म्हणजे पाणी ओघळून न जाता पत्र्यात मुरतं. धार नाही, फवारा. बोल्टच्या भोवती, जोडांवर आणि खालच्या बाजूने मारा. वरची बाजू ओली झाली की भयंकर निसरडी होते, म्हणून कोणी वर उभं राहायचंच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या कामात माणूस मरतो तो बहुतेक वेळा खाली पडून. सिमेंटचा जुना पत्रा वजन घेत नाही, पूर्वसूचना न देता फुटतो. "बोल्टच्या रेषेवर पाय ठेवला की चालतं" हा सल्ला ऐकू नका. खालून परांची बांधा आणि पर्लिनच्या (कैच्यांवरच्या, पत्रे टेकतात त्या आडव्या पट्ट्यांच्या) उंचीवर काम करा. शेड फार उंच असेल आणि वर जावंच लागलं तर किमान तीन पर्लिनवर टेकणाऱ्या, बांधून पक्क्या केलेल्या रुंद फळ्या, खाली जाळी, आणि कैचीला अडकवलेला हार्नेस. पर्लिन गंजलेलं असेल तर त्याला हार्नेस अडकवू नका.

बोल्ट. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल सोडा. पान्याने नट फिरला तर उत्तम. जे-बोल्ट नटाबरोबर फिरत राहिला तर खालून, पर्लिनजवळ, लांब दांड्याच्या बोल्ट कटरने हूक तोडा, पत्र्याला धक्काही लागत नाही. कटर पोचत नसेल तिथे हातकरवत, खाली ओलं फडकं धरून.

क्रम. आधी कोन्याचे (छपराच्या माथ्यावरचे) पत्रे, मग कोन्याकडून पन्हळीकडे, लावताना जो शेवटी लावला तो आधी. उलट क्रमाने ओढाल तर वरच्या पत्र्याखाली दाबलेली कड मोडते. एक पत्रा 30 ते 35 किलोचा, ओला आणखी जड. परांचीवर दोघे, खाली दोघे, हातोहात किंवा दोरीने उतरवा. तडकलेल्या पत्र्याला काढण्याआधीच तड्यावर रुंद टेप लावा, दोन तुकडे होऊन पडत नाही.

खाली आला की प्लास्टिकच्या दुहेरी थरात गुंडाळा, टेप मारा, मोठ्या अक्षरात "ॲस्बेस्टॉस, फोडू नका" लिहा. आठ-दहाच्या वर थप्पी नको, टेम्पोत चढवताना त्रास होतो.

नवे_छप्पर
जुन्या पत्र्यांवरच रंगीत प्रोफाइल शीट (धातूचा पातळ पन्हळी पत्रा) मारून टाकली तर? उतरवायची भानगडच नाही.

रूफिंग_सांगली
सरसकट नको. नवे पत्रे बसवायला जुन्यातून शेकडो स्क्रू आरपार न्यावे लागतात, म्हणजे तेवढ्याच जागी ड्रिलिंगची धूळ. शिवाय 1980 च्या अँगलच्या कैच्यांवर जादा वजन येतं, आणि जुना पत्रा आत सडत राहतो तो दिसतही नाही.

नवे बसवताना एक ध्यानात ठेवा : 0.5 मिलिमीटरची शीट जुन्या पत्र्यापेक्षा निम्म्याहूनही हलकी असते. सिमेंटचा पत्रा वजनाने बसून राहतो, ही वळिवाच्या वाऱ्यात उचलली जाते. पन्हळीच्या आणि कोन्याच्या ओळीत स्क्रू दाट घ्या, रबरी वॉशरसकट. उन्हाचा ताप आणि पावसाचा आवाज दोन्ही वाढतात, म्हणून खाली इन्सुलेशन धरूनच हिशोब करा.

डॉ_व्यवसायरोग
मास्कबद्दल लिहिते, कारण इथेच सगळे चुकतात. रुमाल, सर्जिकल मास्क, कापडी मास्क यांचा उपयोग शून्य. एन-95 पुरेसा नाही. एफएफपी-3 किंवा पी-3 फिल्टरचा हाफ मास्क घ्या. दाढीचे खुंट असतील तर कडेने हवा शिरते, त्या दिवशी दाढी करूनच या. अंगात टोपीसकट एकदा वापरायचा कव्हरऑल, पायात नाडी नसलेले गमबूट. काम संपल्यावर आधी कव्हरऑल ओला करून उलटा गुंडाळत काढायचा, मास्क सगळ्यात शेवटी. कव्हरऑल, वापरलेले फिल्टर, फडकी सगळं पत्र्यांच्याच कचऱ्यात.

कामाचे कपडे घरी धुवायला नेऊ नका. ॲस्बेस्टॉस कामगारांचे कपडे घरी धुणाऱ्या बायकांना मेसोथेलिओमा (बहुधा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) झाल्याची नोंद अनेक देशांत आहे, त्या कधी कारखान्यात गेल्याही नव्हत्या.

आजार लगेच दिसत नाही. ॲस्बेस्टॉसिसला (तंतूंमुळे फुप्फुसं कडक होण्याच्या आजाराला) बहुधा दहा वर्षांहून जास्त, मेसोथेलिओमाला 20 ते 40 वर्षं किंवा अधिक लागतात. म्हणून काम झाल्यावर आठवड्याने एक्स-रे काढून काही कळत नाही. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला ॲस्बेस्टॉसमुळे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. फॅब्रिकेटरच्या पोरांना हे सांगा. ती महिन्यातून चार छपरं उतरवतात, त्यांचा धोका तुमच्यापेक्षा फार मोठा आहे.

शेड_इचलकरंजी
खूप उपयोग झाला. तीन शंका. शेडमध्ये साचलेली धूळ कशी काढू? परसात आधीच फुटलेल्या पत्र्यांचे तुकडे पडलेत. आणि 64 पत्रे टाकायचे कुठे, भंगारवाला नेतो म्हणतोय.

सेफ्टी_एमआयडीसी
धूळ. लूमवरची रुई उडवायला तुम्ही कॉम्प्रेसरची हवा वापरत असाल. पर्लिन, कैच्या आणि भिंतीचा माथा ओल्या फडक्याने पुसून होईपर्यंत ती नळी शेडमध्ये काढायची नाही. झाडूही नाही. फडकं एकदा वापरून पिशवीत, बादलीत पिळून पुन्हा वापरलं तर तेच तंतू पसरतात. व्हॅक्यूम वापरायचा तर एच क्लासचा, हेपा फिल्टरवाला. घरगुती व्हॅक्यूम बारीक तंतू मागच्या बाजूने परत हवेत सोडतो. पन्हळीतला गाळ ओला असतानाच छोट्या खोऱ्याने काढून पिशवीत भरा.

परसातले तुकडे मास्क लावून, ओले करून, हाताने वेचा आणि दुहेरी जाड पिशवीत भरा. खालची माती वरच्या बोटभर थरासकट घ्या. तुकडे चुलीत किंवा शेकोटीत टाकू नका, तापला की पत्रा फटाक्यासारखा फुटून उडतो.

भंगारवाल्याला देऊ नका. तो विकेल, घेणारा गोठ्यावर घालील किंवा फोडून रस्त्यात भरील. ॲस्बेस्टॉसचा कचरा 2016 च्या हॅझार्डस वेस्ट (घातक कचरा) नियमांच्या पहिल्या अनुसूचीत 15 क्रमांकाखाली आहे. राज्यात असा कचरा घेणाऱ्या सामायिक सुविधा तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे आहेत. तुमचा माल दोन टनांच्या वर भरेल. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयात आधी लेखी विचारा, सुविधेकडून स्वीकृती घ्या, आणि गाडीसोबत मॅनिफेस्ट (कचरा कुठून कुठे जातो त्याचा कागद), म्हणजे फॉर्म 10, जाऊ द्या. हे सगळं छप्पर उघडण्याआधी ठरवा. नाहीतर गुंडाळलेली थप्पी पावसाळाभर अंगणात पडून राहते, उंदीर प्लास्टिक कुरतडतात आणि कोणीतरी दोन पत्रे उसने नेतो.

आणि पडवीचे पत्रे यंदा राहिलेच, आणि तिथे पाइपसाठी भोक पाडायची वेळ आली, तर हातड्रिल वापरा. जागेवर दाढीच्या फोमचा जाड गोळा लावा, त्यातून भोक पाडा, फोम ओल्या कागदाने पुसून पिशवीत टाका. खालच्या बाजूलाही तसाच गोळा हवा, कारण टोक तिथून बाहेर येताना पूड सांडते.