'बेला मार्था' बघायचा आणि त्यातलंच जेवायचं: ८ जणांसाठी काय जमेल?

खमंग_काकडी

पुढच्या शनिवारी घरीच 'बेला मार्था' हा चित्रपट लावायचा आहे. हाम्बुर्गमधली शिस्तीची शेफ, तिची भाची आणि इटालियन स्वयंपाकी, तोच. माणसं ८, त्यातली ३ शाकाहारी. हाताशी चार शेगड्या, २८ लिटरचा ओटीजी आणि एक बिडाचा तवा. चित्रपटातले पदार्थ शक्य तितके करायचे आहेत: स्पागेटी नक्की, फ्वा ग्रा (बदकाचं फुगवलेलं लिव्हर) आणि स्टेक जमल्यास. प्रमाण आणि वेळ सांगा. आणि चित्रपट मूळ जर्मन बघावा की इंग्रजी?

पडदा_नंबर_२

मूळ जर्मन, सबटायटल्स लावून. मारिओ, म्हणजे तो इटालियन स्वयंपाकी, मधूनच इटालियनवर घसरतो, त्यात अर्धी गंमत आहे. २००१ चा चित्रपट, लेखन-दिग्दर्शन सांड्रा नेटेलबेक, मार्था म्हणजे मार्टिना गेडेक आणि मारिओ म्हणजे सेर्जिओ कास्तेलितो. लांबी साधारण पावणेदोन तास. इंग्रजीत 'मोस्टली मार्था' नावाने शोधा. 'नो रिझर्व्हेशन्स' (२००७, कॅथरीन झीटा-जोन्स) हा याचाच अमेरिकन रिमेक. तो चुकून डाऊनलोड करून ठेवणारे बरेच असतात. गोष्ट तीच, पण न्यूयॉर्कमध्ये हलवलेली आणि कडा घासून गुळगुळीत केलेली.

जेवण कुठे थांबून वाढायचं ते आधी ठरवा. आई गेल्यापासून भाची लीना काही खात नाही, मार्थाने मन लावून केलेलंही नाही. मारिओ तिच्याजवळ बसून आपली स्पागेटी खात राहतो, आग्रह करत नाही, मग ताटली तिच्या हातात देऊन कामाला निघून जातो आणि पोरगी खायला लागते. हा प्रसंग झाला की पॉज. त्याआधी वाढलंत तर मजा गेली.

उकळी_फुटली

स्पागेटीची कृती चित्रपटात कोणी सांगत नाही, त्यामुळे साधी टोमॅटो-बेसिलची करा. मुलांना चालते आणि शाकाहारींचाही प्रश्न सुटतो.

८ जणांना ८०० ग्रॅम. पाकिटावर 'ड्युरम' लिहिलेलं बघून घ्या (आपला बन्सी रवा ज्या गव्हाचा, तीच जात). मैद्याची स्पागेटी परतताना तुटते.

सॉस: डब्यातले सोललेले अख्खे टोमॅटो ४०० ग्रॅमचे ३ डबे, किंवा लांबट टोमॅटो २ किलो. ताजे असतील तर ३० सेकंद उकळत्या पाण्यात घालून साल काढायची आणि बियाही काढायच्या. बिया ठेवल्या की पाणी आटवता आटवता सॉस भाजीच्या रश्शासारखा लागायला लागतो. रुंद पातेल्यात १०० मिली ऑलिव्ह तेल, ६ पाकळ्या लसूण नुसता ठेचून, मंद आचेवर. लसूण सोनेरी झाला की काढून टाका. तपकिरी झाला तर तेलासकट टाकून नव्याने सुरू करा, तो कडवटपणा जात नाही. टोमॅटो घालून २०-२५ मिनिटं. आपले टोमॅटो आंबट असतात, त्यासाठी साखरेपेक्षा एक अख्खं गाजर सॉसमध्ये सोडा आणि शेवटी काढून घ्या. जिरं, हळद, तिखट यातलं काहीही नाही. बेसिल गॅस बंद केल्यावर, हाताने तोडून.

बेसिल म्हणजे तुळस नव्हे. सब्जाचं झाड त्याच जातीचं, पण पानांचा वास वेगळा असतो, म्हणून कुंडीतला सब्जा ओरबाडू नका.

खरी चूक पुढे होते. ८०० ग्रॅम एका पातेल्यात उकडून एका कढईत कालवता येत नाही, गोळा होतो. ४००-४०० चे दोन घाणे करा. प्रत्येकी ४ लिटर पाणी, ४० ग्रॅम मीठ (सपाट अडीच टेबलस्पून). पाण्यात तेल घालू नका, स्पागेटी मोडू नका, पाण्याखाली धुऊ तर मुळीच नका. पाकिटावरच्या वेळेच्या २ मिनिटं आधी चिमट्याने थेट सॉसमध्ये काढायची, सोबत पळीभर, म्हणजे १०० मिली, स्पागेटी उकडलेलं पाणी. मोठ्या आचेवर दीड-दोन मिनिटं हलवत राहा. त्या पाण्यातला स्टार्च तेल आणि टोमॅटो एकजीव करतो. ताटलीच्या तळाशी लाल पाणी आणि वर कोरडी स्पागेटी दिसली तर ही पायरी गाळली गेली असं समजा.

पार्मेजान चीज शाकाहारींना घालू नका. खऱ्या पार्मिजानो रेज्जानोत वासराच्या जठरातलं रेनेट (दूध घट्ट करणारं द्रव्य) असतं. पाकिटावर हिरवा ठिपका असलेलं कडक चीज घ्या.

फोडणीवाला

फ्वा ग्रा ऑनलाइन मिळतं की. फ्रोझन मागवा, १०० ग्रॅमचे डबे असतात.

मोजूनमापून

@फोडणीवाला, भारतात २०१४ पासून त्याच्या आयातीवर बंदी आहे, तेव्हा कोणी विकत असेल तर त्याच्या नादी लागू नका. बदकांना नळीने चारून लिव्हर फुगवतात म्हणून ही बंदी. खुद्द जर्मनीतही उत्पादन करता येत नाही, बाहेरून आणून विकता मात्र येतं. म्हणून मार्थाच्या मेन्यूवर ते आहे.

पर्याय: कोंबडीच्या कलेजीचं पार्फे (कलेजी बटर-अंड्यासोबत मऊसूत वाटून शिजवलेली). तंत्र तेच, पाण्याच्या वाफाऱ्यात हळू शिजवणं. चित्रपटात फ्वा ग्रा कच्चं आहे म्हणून गिऱ्हाईक तक्रार करतो आणि मार्था बाहेर येऊन तापमानाचा हिशोब ऐकवते, त्यात उगाच ताठा नाही. या पदार्थात १० अंशांनी सगळं बिघडतं.

५ जणांना भरपूर होईल असं: कलेजी २५० ग्रॅम (पित्ताचा हिरवा डाग असलेला भाग पूर्ण कापून टाका, तेवढ्यानेही सगळं कडू होतं), बिनमिठाचं बटर १५० ग्रॅम, अंडी २, मीठ ५ ग्रॅम, दोन छोटे कांदे ५० मिली ब्रँडीत जवळपास कोरडे होईपर्यंत आटवलेले. कलेजी, अंडी आणि वितळलेलं बटर तिन्ही कोमट हवं. फ्रिजमधल्या कलेजीवर गरम बटर ओतलं की मिक्सरमध्ये कणी धरते. वाटून बारीक चाळणीतून गाळा.

स्टीलच्या वाट्यांत भरा, वर फॉइल. ट्रेच्या तळाशी पंचाची घडी, त्यावर वाट्या, वाट्यांच्या निम्म्यापर्यंत गरम पाणी. पंचा नसेल तर स्टीलचा तळ आधी तापून कडा रबरासारख्या होतात. ओटीजी १४० वर, फक्त खालचा रॉड. बटणावरच्या आकड्यावर विश्वास नको, २० अंशांचा फरक सहज असतो. आत वेगळा थर्मामीटर ठेवा. २५ मिनिटांनी मधोमध सुई घालून बघा, ७२ अंश झाले की बाहेर. ७० च्या खाली काढू नका, कोंबडीची कलेजी आहे. ८० पार गेलं की अंडं फाटतं आणि बटर वर तरंगतं, मग इलाज नाही. गार झाल्यावर वर वितळलेल्या बटरचा पातळ थर द्या, नाहीतर हवेने करडं पडतं. शुक्रवारीच करून फ्रिजमध्ये ठेवा.

बिडाचा_तवा

स्टेक घरी रेअर (आतून कच्चा) करू नका. गिऱ्हाईक दोनदा परत पाठवतो म्हणून मार्था कच्चा तुकडाच त्याच्या टेबलावर आपटते, तो प्रसंग बघायला छान. पण बाजारातलं मांस बहुतेक त्याच दिवशी कापलेलं आणि थंड न केलेलं असतं. महाराष्ट्रात म्हशीचंच मिळणार. खाटकाकडे 'अंडरकट' मागा, ३ सेंटीमीटर जाडीचे तुकडे, एक-दोन दिवस फ्रिजमध्ये उघड्या ताटलीत. पृष्ठभाग कोरडा झाल्याशिवाय रंग येत नाही.

तवा धूर येईपर्यंत तापवा, एका वेळी दोनच तुकडे. चार टाकले की तवा गार पडतो, पाणी सुटतं आणि मांस भाजण्याऐवजी उकडतं. मीठ ४० मिनिटं आधी, नाहीतर अगदी टाकताना. मधल्या वेळात लावलेलं फक्त पाणी काढतं. मध्यभागी ६० अंश झाले की काढा, ५ मिनिटं ठेवा, आणखी ३-४ अंश आपोआप चढतात. पण खरं विचाराल तर पार्फे आणि स्पागेटी असताना हा कशाला? चार शेगड्यांवर दोन उकळती पातेली, सॉस आणि तवा म्हणजे बाहेर चित्रपट चालू आणि तुम्ही आत.

खमंग_काकडी

स्टेक रद्द. स्पागेटी आधी उकडून तेल लावून ठेवली तर?

उकळी_फुटली

नको. तेल लावलं की सॉस चिकटत नाही, आणि दुसऱ्यांदा गरम केली की लगदा. सॉस सकाळी करा. चित्रपट सुरू करण्याआधी दोन्ही पातेल्यांतलं पाणी उकळून झाकून ठेवा, पॉज केल्यावर ते ५-७ मिनिटांत पुन्हा उकळतं. पॉजपासून ताटापर्यंत २० मिनिटं धरा. आणि वेगवेगळ्या प्लेटा सजवू नका. मारिओ मार्थाच्या घरी येऊन स्वयंपाक करतो तेव्हा तिघं जमिनीवर बसून जेवतात. सतरंजी टाका, मधे एक मोठी परात ठेवा. खोलगट भांड्यात खालची स्पागेटी दबते, परातीत मोकळी राहते.

पडदा_नंबर_२

डोळ्यांवर पट्टी बांधून सूप ओळखायचा प्रसंगही पाहुण्यांवर करून बघा. भाज्यांचं पातळ सूप, त्यात पाचच गोष्टी: सेलरी, लीक, बडीशेप, तमालपत्र, लिंबाची साल. वाफाळतं देऊ नका, जीभ भाजली की चव कळत नाही. गोडा मसाला घालायचा मोह टाळा, तो पहिल्या चमच्यात पकडला जातो.

आणि मार्था-मारिओचं लग्न झालं म्हणून परात उचलायला उठू नका. अगदी शेवटी मार्थाच्या थेरपिस्टने केलेला गोड पदार्थ ती चाखते आणि त्याच्या साखरेची खोड काढते, ते राहून जाईल.