मुंगीचा व्हिडिओ पाहून अपूर्णांक येतात का?

विक्रोळीकर बाबा
मुलगी सहावीत आहे. परिपाठात सुविचार आणि बोधकथा होतीच, आता प्रोजेक्टरवर प्रेरणादायी व्हिडिओचीही भर पडलीय. मुंगी भिंतीवरून पडते, पुन्हा चढते, मागे बासरी. शेवटी बाई विचारतात, "काय शिकलात?" अख्खा वर्ग एका सुरात ओरडतो, "हार मानायची नाही!" पुढच्याच तासाला वेगळ्या छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज आली की निम्मा वर्ग पेन खाली ठेवतो. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान १००० तास अध्यापन सांगितलंय. त्यातला वेळ मुंगीला कशाला? माझं म्हणणं सरळ आहे, हे व्हिडिओ वर्गात नकोतच.

दुपारचं अधिवेशन
दादा, मुंगीपुरतं मान्य. पण सगळेच व्हिडिओ एका माळेत ओवू नका. मी गोवंडीत शिकवते, माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांनी शेत पाहिलेलं नाही. त्यांना राहीबाई पोपेरेंचा व्हिडिओ दाखवला. कधी शाळेत न गेलेल्या बाईंनी अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्यात देशी बियाण्यांची बँक उभी केली, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. जूनपासून तोंड न उघडलेला एक मुलगा उठून म्हणाला, "आमची आजी गावाला गाडग्यात राखेत वाल ठेवते." त्याच्या काकांनी गावाहून येताना वालाची पुडी आणली. आम्ही ते वाल दुधाच्या पिशव्यांत लावले. रोपाची उंची मुलं पट्टीने मोजून दशांशात लिहीत होती. आता सांगा, हा वेळ फुकट गेला?

विक्रोळीकर बाबा
ताई, तुमच्याकडे काम केलं ते वालाने. आजीची आठवण तुम्ही नुसती गप्पा मारूनही काढू शकला असतात.

दुपारचं अधिवेशन
काढली होती की! "गावाकडे काय पिकतं?" विचारलं तर चिडीचूप. राखेतलं बियाणं ही सांगण्यासारखी गोष्ट आहे, हे त्याला पडद्यावर राहीबाईंना बघून कळलं.

रात्री नऊचा मेसेज
कृतींचं एवढं कौतुक नको. आमच्या ग्रुपवर रात्री नऊला फर्मान येतं, 'उद्या टाकाऊतून टिकाऊ वस्तू आणणे'. मी तेव्हा लोकलमध्ये लटकलेली असते. घरी पोचेपर्यंत दुकानं बंद, मुलगा पेंगलेला. मग जाळीची टोपली कापते मी, रंगवते मी आणि श्रेणी मिळते त्याला! कुणी दुकानातून तयार प्रतिकृती आणतात, वर तीच प्रदर्शनात पहिल्या टेबलावर. सृजन म्हणे!

निवृत्त मास्तर
घरी करायला सांगितलेली कृती ही कृतीच नव्हे. ती तासिकेत, मुलांच्याच हातून झाली पाहिजे. टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांची काडेपेटीच्या काड्यांची खेळणी आठवा. सायकलच्या व्हॉल्व्हमधल्या रबरी नळीचे तुकडे घ्यायचे, त्यात काड्यांची टोकं खुपसायची. चौकोन केला तर बोटाने ढकलताच तिरका होतो, त्रिकोण हलत नाही. चौकोनात कर्णाची काडी बसवली की तोही ताठ. मग मुलांना खिडकीतून मोबाइल टॉवर दाखवा, त्रिकोण तीच मोजतील. बासरीबिसरी काही लागत नाही. (काड्यांचं गूल आधी काढून घ्या, नाहीतर वेगळाच प्रयोग व्हायचा.)

दुपारचं अधिवेशन
सर, करून बघते. पण वर्गात पन्नासच्या वर मुलं आणि तासिका ३५ मिनिटांची. काड्या वाटण्यातच दहा मिनिटं जातात. शिवाय व्हिडिओची लिंक वरून येते आणि दाखवल्याचा फोटो त्याच दिवशी ग्रुपवर टाकावा लागतो. वाल उगवायला आठवडा लागला, त्याचा फोटो कुणी मागितला नाही.

विक्रोळीकर बाबा
फोटोची सक्ती असते हे माहीत नव्हतं. आमच्याकडेही तसंच आहे का, हे पुढच्या पालकसभेत विचारतो. वालाला हरकत नाही. मुंगीला मात्र विरोध कायम.