मदत हवी आहे: आईचा आयएनआर ५.८ आलाय, आजची गोळी द्यायची का?

घाटमाथा
आईला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. संध्याकाळी रिपोर्ट आला, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो तो आकडा, जास्त म्हणजे रक्त जास्त पातळ) ५.८. मागच्या महिन्यात २.९ होता. पालेभाज्या तर केव्हाच्याच बंद केल्यात, मग वाढला कसा? डॉक्टर परगावी, फोन लागत नाही, सोमवारपर्यंत कोणी भेटणार नाही. रात्री आठची गोळी द्यायची की नाही एवढंच सांगा. लवकर.

लॅबवाली ताई
कुठली गोळी? कशासाठी? हृदयाची झडप बदललीय की पायात रक्ताची गुठळी झाली होती?

आनंदयात्री
माझ्या वडिलांच्या पायात गुठळी झाली तेव्हा वॉरफरिन ही रक्त पातळ करायची जुनी गोळी बंद करून अपिक्साबॅन ही नवी दिली. दर महिन्याला सुई नाही, पथ्य नाही. गोळीच बदलून घ्या.

घाटमाथा
गोळी बदलायचं विचारलं नाहीये. ॲसिट्रॉम आहे, वॉरफरिनच्याच जातीची, ११ वर्षं झाली. लहानपणी संधिवाताचा ताप आला होता, त्यात मायट्रल झडप खराब झाली. धातूची बसवलीय.

लॅबवाली ताई
@आनंदयात्री, धातूच्या झडपेला या नव्या गोळ्या चालत नाहीत. त्यातल्याच डॅबिगॅट्रानची अशा रुग्णांवरची चाचणी २०१२ मध्ये अर्ध्यावर थांबवावी लागली. गुठळ्याही जास्त झाल्या, रक्तस्रावही.

आनंदयात्री
मी फक्त अनुभव सांगितला. वडील तीन वर्षं ठणठणीत आहेत.

माजघर
चोरून मेथी-पालक खाल्ला असेल हो, आमच्या काकूंचं तसंच झालं. रोज लसणाच्या दोन पाकळ्या द्या, गोळी सुटेल.

लॅबवाली ताई
उलटं आहे. पालेभाजीतल्या के जीवनसत्त्वाने गोळीचा जोर कमी होतो, आयएनआर खाली येतो. भाजी बंद करायचीच नसते, दर आठवड्याला साधारण सारखी खायची. आणि झडपेच्या माणसाला लसणावर सोडू नका. तिथे धरलेली गुठळी मेंदूत जाते.

घाटमाथा, गेल्या दोन आठवड्यांत उपास, जुलाब, नवीन औषध? कुठून रक्त? पडल्या-बिडल्या नाहीत ना?

घाटमाथा
रक्त कुठून नाही. नवरात्राचे नऊ दिवस उपास, जेवण जवळपास नाहीच. मध्ये पोट बिघडलं म्हणून गावातल्या दवाखान्यातून मेट्रोनिडाझोल आणलं, पाच दिवस. परवा मोरीत घसरली, डोकं कडाप्प्यावर आपटलं. टेंगूळ उतरलंय, पण सकाळपासून डोकं दुखतंय म्हणते. कॉम्बिफ्लाम देऊ का?

लॅबवाली ताई
अहो, हे आधी सांगायचं! कॉम्बिफ्लाम नको, त्यात आयब्युप्रोफेन असतं, रक्तस्राव वाढतो. आत्ता गाडी काढा, नाहीतर १०८ ला फोन करा. सीटी स्कॅन होईल अशाच ठिकाणी न्या. दारातच सांगा: धातूची झडप, ॲसिट्रॉम, आयएनआर ५.८, परवा डोक्याला मार. गोळीचं तिथलेच डॉक्टर ठरवतील, घरून देऊन नेऊ नका. औषधांच्या सगळ्या पट्ट्या बरोबर घ्या.

घाटमाथा
निघालो. कराडला नेतोय.

जुनी_पानं
माहिती म्हणून. अमेरिकेत बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हरचा चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरायची, त्या शोधातून वॉरफरिन निघालं. आधी १९४८ मध्ये उंदरांचं विष म्हणून आलं, माणसांना १९५४ पासून.

माजघर
बघा, विषच की!

आनंदयात्री
काकू, त्यांची आई दवाखान्यात आहे. आत्ता नको हे.

घाटमाथा
काल रात्री सीटी झाला. रक्तस्राव नाही. तरी चोवीस तास ठेवून घेतलंय, कारण अशा रुग्णात उशिरानेही होतो म्हणाले. ॲसिट्रॉम थांबवलीय, आज आयएनआर ३.७. मेट्रोनिडाझोल आणि उपास, दोन्हींमुळे वाढला म्हणे. गोळी पुन्हा सुरू होईल, आठवड्याने तपासणी. मी नुसतं आठच्या गोळीचं विचारत बसलो होतो. ताई, तुम्ही पडण्याचं विचारलं नसतं तर मी कॉम्बिफ्लाम देऊन तिला झोपवलं असतं.

लॅबवाली ताई
बरं वाटलं वाचून. गळ्यात किंवा पाकिटात गोळीचं नाव लिहिलेलं कार्ड असू द्या. गावच्या दवाखान्यातही आधी तेच दाखवायचं, मग औषध घ्यायचं. आणि भाजी सुरू करताना एकदम जुडीभर नको, थोडी थोडी. त्या काळात तपासणी लवकर लवकर करा.

नदीकाठ
माझ्या सासऱ्यांनाही रक्त पातळ व्हायची गोळी आहे. मंगळवारी दाढ काढायची आहे. किती दिवस बंद ठेवायची?

लॅबवाली ताई
मनाने एक दिवसही बंद करू नका. कुठली गोळी, कशासाठी?

नदीकाठ
पांढरी, छोटी आहे.