१२ दिवसांची ब्रॉयलर पिल्लं पायावर बसायला लागलीत, कॅल्शियम वाढवलं तरी फरक नाही

विट्याचा_शेडवाला
नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात आपलं १५०० पक्ष्यांचं शेड आहे, कंपनीचा करार नाही, पिल्लं विकत आणतो आणि खाद्य घरीच भरडून मिक्स करतो. आठवडाभर पिल्लं एकदम झकास होती, वजनं पण चांगली, नंतर काही पिल्लं लंगडायला लागली आणि आता १२ व्या दिवशी बरीच पिल्लं मांड्या टाकून बसतायत, हाकललं की दोन पावलं चालतात आणि परत बसतात. खायला येतात पण भांड्यापर्यंत पोचत नाहीत म्हणून मागं पडायला लागलीत. मर अजून फार नाही.
१०० किलोला फॉर्म्युला असा आहे: मका ५७, सोया डीओसी (तेल काढलेली सोयापेंड) ३६, तेल २, ग्रिट पावडर (कॅल्शियमची भुकटी) अडीच किलो, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) ९०० ग्रॅम, मीठ ३०० ग्रॅम, ट्रेस मिनरल १०० ग्रॅम, बाकी लायसिन, मिथिओनिन, व्हिटॅमिन वगैरे. आमच्या आजूबाजूला सगळे लेअरवाले (अंड्यांच्या कोंबड्यांवाले), ते म्हणतात ग्रिट वाढव हाडं घट्ट होतील, म्हणून ग्रिट जरा जास्तच ठेवलंय. तीन दिवस झाले पाण्यातून लिक्विड कॅल्शियम पण चालू आहे. कुणाला अनुभव असेल तर सांगा, बॅच हातची जाईल असं वाटतंय.

पलूस_पोल्ट्री
दादा कॅल्शियमचा डोस डबल करा आणि सोबत लिव्हर टॉनिक द्या, आमच्याकडं असंच करतात. चार दिवसात उभी राहतील.

फीडवाला_मिरज
पलूसवाले, रागावू नका पण डबल करायला सांगू नका, इथं कॅल्शियम कमी नाहीच आहे, उलट जास्त झालंय.
हिशोब करून बघू. ग्रिट पावडरीत साधारण ३७ टक्के कॅल्शियम धरा, अडीच किलोतून ०.९२ टक्के. डीसीपीत २३ टक्के धरलं तर ९०० ग्रॅममधून ०.२१. मका आणि सोयातून मिळून ०.१२ च्या आसपास. म्हणजे खाद्यात सव्वा टक्का कॅल्शियम झालं, आणि त्यावर पाण्यातलं वेगळं. आता फॉस्फरस बघा. मका सोयात फॉस्फरस दिसायला भरपूर दिसतो पण त्यातला जवळजवळ दोन तृतीयांश फायटेटमध्ये (दाण्यातल्या बंद साठ्यात) अडकलेला असतो, कोंबडीला तो फारसा सुटत नाही. पचणारा धरला तर दोन्हीतून मिळून ०.१२ ते ०.१३. डीसीपीत १८ टक्के फॉस्फरस, म्हणजे ९०० ग्रॅममधून ०.१६. सगळं मिळून ०.२९ पण होत नाही.
अमेरिकेच्या एनआरसीचा (नॅशनल रिसर्च कौन्सिलचा) १९९४ चा तक्ता आहे, त्यात पहिल्या तीन आठवड्यांना कॅल्शियम १.० टक्का आणि फायटेट सोडून फॉस्फरस ०.४५ दिलाय. म्हणजे दोनास एक, किंवा जरा वर. तुमचं चारास एकच्याही पुढं गेलंय. कॅल्शियम जास्त झालं की ते आतड्यातच फॉस्फरसला धरून बसतं, फायटेटशी पण गाठ मारतं, आणि जो काही थोडा फॉस्फरस मिळणार होता तोही शेणातून बाहेर. झिंक आणि मँगनीजचंही तेच होतं. त्यामुळं तुम्ही जितकं कॅल्शियम पाजाल तितकी पिल्लं जास्त बसतील.
लेअरवाल्यांचं त्यांच्या जागी बरोबर आहे, अंड्याचं कवच करायला त्यांना साडेतीन चार टक्के कॅल्शियम लागतं. पण तेच गणित १२ दिवसांच्या पिल्लाला लावलं तर मूत्रपिंडं फुगतात आणि आत पांढरा चुना साठतो. मेलेलं पिल्लू फाडलं तर किडनी बघा, पांढऱ्या रेघा दिसल्या तर समजून जा.

कऱ्हाडची_कोंबडी
मिरजवाल्यांचं गणित पटलं पण आधी हा मुडदूसच (हाडं मऊ पडण्याचा आजार) आहे का हे बघा की राव. तीन चार प्रकार असतात पायाचे आणि सगळ्याला लोक कॅल्शियमच देतात.
बसलेलं पिल्लू हातात घ्या. वरची चोच बोटानं दाबली आणि वाकली तर मुडदूस. फाडल्यावर बरगड्या पाठीच्या कण्याला जिथं जुळतात तिथं मण्यांसारख्या गाठी दिसतात. पायाचं हाड मोडून बघा, चांगलं हाड कट्ट करून तुटतं, मुडदुसाचं नुसतं वाकतं. आता याउलट हाड घट्ट आहे पण घोट्याचा सांधा सुजून पाय बाजूला फिरलाय आणि मागची शीर (टेंडन) सांध्यावरून सरकलीय, तर तो पेरोसिस, तिथं मँगनीज नाहीतर कोलीन किंवा बायोटिन बघावं लागतं, आणि एकदा शीर सरकली की ते पिल्लू परत सरळ होत नाही. सांधा गरम, आत पू, तर मग इन्फेक्शन, मिनरलचा संबंध नाही, डॉक्टरला दाखवा.
आणि व्हिटॅमिनचं पाकीट कुठं ठेवता? डी३ नसलं तर कॅल्शियम फॉस्फरस कितीही असू दे, हाडात जात नाही. आमच्याकडं एकाचं पाकीट उघडं पडलं होतं पत्र्याच्या शेडमध्ये, वर ट्रेस मिनरल आणि व्हिटॅमिन एकत्र मिक्स करून ठेवलेलं. तांबं, लोखंड व्हिटॅमिनला खातात, एकत्र महिनोन् महिने ठेवायचं नसतं ते.

विट्याचा_शेडवाला
चोच वाकते दोन्ही बाजूला. एक मेलेलं फाडलं, बरगड्यांना गाठी आहेत, पायाचं हाड तुटलं नाही, वाकलं. किडनी जरा फिकट पांढरट वाटली. सांधे सुजलेले नाहीत. व्हिटॅमिन पाकीट नवीन आहे, घरात ठेवतो. म्हणजे मुडदूसच ना? मग लिक्विड कॅल्शियम आजच बंद करतो. पण मला एक कळेना, पहिला आठवडा एवढी चांगली कशी होती?

फीडवाला_मिरज
हो, फॉस्फरसच्या कमतरतेचा मुडदूस, कॅल्शियम जास्त झाल्यामुळं आणखी वाढलेला.
पहिल्या आठवड्याचं असं आहे की ४०-४२ ग्रॅमचं पिल्लू सात दिवसात चौपटीच्या वर जातं. वजन वाढलं की आपण खूश, पण तेवढ्याच वेगानं हाड पण वाढत असतं आणि त्याला माल लागतो. बलकातून आलेला साठा फारसा नसतो, पिल्लू अंड्यातून बाहेर पडेपर्यंत त्यातला फॉस्फरस, झिंक, मँगनीज बराचसा वापरून झालेला असतो. म्हणून पहिल्या दिवसापासून खाद्यातूनच मिळायला हवं, आणि कमी पडलं की १० ते १४ दिवसात पायावर दिसतं. तुमचं अगदी वेळेवर दिसलंय.
आता खाद्य असं करा. १०० किलोला डीसीपी १ किलो ८०० ग्रॅम, ग्रिट १ किलो १५० ग्रॅम. कॅल्शियम ०.९६ च्या आसपास येतं आणि फॉस्फरस ०.४५. फायटेज (फायटेटमधला फॉस्फरस सोडवणारं एन्झाइम) वापरणार असाल तर त्या पाकिटावर किती फॉस्फरस धरायचा ते लिहिलेलं असतं, तेवढं डीसीपी कमी करा, पण या बॅचला नका करू, आधी पिल्लं उभी राहू देत. शेडमध्ये आहे ते जुनं खाद्य काढून टाका, त्याच्यात वरून डीसीपी मिसळून चालत नाही, ग्रिट त्यात आहेच ना. पाण्यातून फॉस्फरसचं लिक्विड आणि डी३ चार पाच दिवस.

चोपण_रान
मी वाळवा तालुक्यातला, आमच्याकडं नदीकाठची जमीन खारवट आणि बोअरचं पाणी पण तसंच, म्हणून मीठाचं बोलतो कारण ते कुणी बघतच नाही. ३०० ग्रॅम मिठातून सोडियम ०.१२ टक्के येतं, पिल्लाला ०.२० लागतं. गोड्या पाण्याचं शेड असेल तर १०० किलोला २०० ग्रॅम खायचा सोडा घाला, मीठ वाढवू नका, क्लोराइड वाढून पाय आणखी बिघडतात. पण बोअरचं पाणी खारं असेल तर आधी तपासून घ्या. पिल्लू खाद्याच्या जवळजवळ दुप्पट पाणी पितं, म्हणजे लिटरला ३०० मिलिग्रॅम सोडियम असलं तर खाद्यात ०.०६ टक्के घातल्यासारखंच झालं, मग सोडा कशाला. आमच्या भागात लोक दोन्ही घालतात आणि मग तूस ओलं झालं, वास मारतोय म्हणून बोंबलतात.

पलूस_पोल्ट्री
बरं बाबा मानलं, डबल कॅल्शियम मागं घेतो 😄 पण मोरचूदचं काय, आम्ही पाण्यातून देतो, चांगला रिझल्ट येतो.

कऱ्हाडची_कोंबडी
मोरचूद म्हणजे तांबं, पिल्लाला खाद्यात किलोला ८ मिलिग्रॅम लागतं आणि ते ट्रेस मिनरलमध्ये असतंच. चिमूटभर म्हणत म्हणत हात सुटला की पिल्लाच्या पेटीचं (गिझर्डचं, दाणे दळणाऱ्या जठराचं) आतलं कातडं जळतं. अंदाजानं नको.
विटेकर, एक राहिलं. डीसीपी सुट्टं घेतलं होतं का पॅक? बशीत चमचाभर घेऊन वर लिंबू पिळा. थोडे बुडबुडे आले तर चालतंय, पण खायच्या सोड्यासारखं फसफसलं तर त्यात चुनखडी मिसळलीय. आणि स्वस्तात मिळतंय म्हणून खताचा फॉस्फेट कुणी सांगितला तर अजिबात घालू नका, त्यात फ्लोरिन असतं.

विट्याचा_शेडवाला
सुट्टं घेतलं होतं. आत्ताच लिंबू पिळून बघितलं, चांगलंच फसफसलं!! म्हणजे माझा ०.२९ पण खरा नव्हता. दुकानदाराचं नाव टाकू का इथं?

फीडवाला_मिरज
नाव नका टाकू, लिंबावर भांडण टिकत नाही. अर्धा किलो सॅम्पल बाजूला ठेवा आणि लॅबमधून कॅल्शियम फॉस्फरस काढून घ्या, चांगल्या डीसीपीत फॉस्फरस १८ च्या आसपास यायला पाहिजे. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यूट्रिशनचा विभाग आहे, तिथं फोन करून विचारा सॅम्पल घेतात का नाहीतर कुठं पाठवायचं. रिपोर्ट हातात घेऊन दुकानात जा. तोवर दुसरीकडून बॅच नंबर छापलेली पिशवी आणा.

विट्याचा_शेडवाला
ठीक आहे. आणि जी पिल्लं आत्ता बसलीत ती ठेवू का काढू?

कऱ्हाडची_कोंबडी
ज्यांचा पाय सरळ आहे ती वेगळ्या कप्प्यात घ्या, भांडी खाली ठेवा, पाणी चोचीपर्यंत येईल असं, तूस जाड टाका, आठवड्यात बरीचशी उठतील. हाड वाकून पाय बाहेर गेलाय ती काढून टाका, खाद्य खाऊन बसतील आणि बाकीची त्यांना तुडवतील. २१ व्या दिवसाचं वजन टाका इथं.

चोपण_रान
आणि बोअरचा रिपोर्ट पण टाका.