वाळूच्या थरात खाडीचे आणि खुल्या समुद्राचे जीवाश्म एकत्र आढळल्यास प्राचीन पर्यावरण कोणते मानावे?

प्रश्न

मी प्राचीन किनारी अवसादांच्या (साचलेल्या गाळाच्या थरांच्या) एका छेदाचा अभ्यास करीत आहे. तळाशी काळसर चिखलाचा थर असून त्यात एकमेकांना चिकटून वाढलेली, दोन्ही झडपा मिटलेली कालवे (ऑयस्टर शिंपले) आहेत. त्यावर मध्यम जाडीच्या कणांची वाळू आहे. वाळूतील शिंपले तुटके व झिजलेले असून, त्यांच्यासोबत अमोनिया या वंशाचे फोरॅमिनिफेरा (कवच असलेले एकपेशीय सूक्ष्मजीव) मुबलक आणि खुल्या समुद्रात तरंगणारे ग्लोबिजेरिना थोडे आढळतात. खालचा थर खाडीचा मानण्यास मला अडचण वाटत नाही. वाळूचा थर मात्र खाडीच्या मुखाचा मानावा की खुल्या पुळणीचा, हे ठरत नाही.

प्रतिसाद १

कोणता जीव सापडला याआधी तो तेथेच जगला होता का, हे विचारावे लागते. माझ्या मते प्राचीन पर्यावरणाच्या अभ्यासातील बहुतेक चुकीचे निष्कर्ष हा प्रश्न वगळल्यामुळेच निघतात. कालव मेल्यावर झडपा मिटून धरणारा स्नायू कुजतो, झडपा उघडतात आणि लाटांच्या माऱ्यात लवकरच विलग होतात. त्यामुळे मिटलेली व वसाहतीच्या स्वरूपात टिकलेली कालवे जागच्या जागी गाडली गेली, असे आपण खात्रीने म्हणू शकता. वाळूतील झिजलेले शिंपले केवळ प्रवाहाची किंवा लाटांची साक्ष देतात, त्या जागेच्या क्षारतेची नव्हे.

ग्लोबिजेरिनाची कवचे सूक्ष्म आणि पोकळ असल्याने भरतीचे पाणी त्यांना खाडीत बरेच आत वाहून नेते. म्हणून त्यांच्या निव्वळ उपस्थितीवरून खुला समुद्र सिद्ध होत नाही. किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्याकडे जाताना तळावर राहणाऱ्या प्रजातींच्या तुलनेत तरंगणाऱ्या प्रजातींचे प्रमाण वाढत जाते. तेव्हा प्रत्येक नमुन्यातील सुमारे ३०० कवचे मोजून हे प्रमाण काढावे. अमोनिया बदलती क्षारता सहन करतो. त्याची संख्या मोठी आणि एकूण प्रजाती मोजक्या असतील, तर खाडीची शक्यता वाढते. मात्र त्यात लहान-मोठी सर्व वयांची कवचे आहेत का, हेही पाहावे, कारण सगळी एकाच आकाराची असल्यास ती पाण्याने निवडून आणून टाकलेली असू शकतात.

प्रतिसाद २

जीवाश्मांइतकेच लक्ष वाळूच्या रचनेकडे द्यावे, अशी विनंती आहे. तिरपे स्तर आलटून पालटून परस्परविरुद्ध दिशांना कललेले असतील आणि त्यांच्यावर चिखलाचे पातळ पापुद्रे असतील, तर ती भरती-ओहोटीची खूण होय. या स्तरांची जाडी क्रमाने वाढत-घटत असेल, तर उधाण (सर्वांत मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (सर्वांत लहान भरती-ओहोटी) यांचे चक्रही वाचता येते. याउलट, समुद्राकडे मंद उताराने झुकलेले सपाट, पातळ स्तर पुळणीकडे निर्देश करतात.

चिखल आणि वाळू यांच्यामधील सीमा कशी आहे, हे आपण लिहिलेले नाही. जर्मन भूवैज्ञानिक योहानेस वाल्थर यांनी १८९४ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, अखंड अनुक्रमात एकावर एक आलेले थर हे मुळात शेजारी शेजारी असलेल्या पर्यावरणांचे असतात. पण मध्ये झीज झाली असेल, तर हा नियम तेथे लागू करता येत नाही.

प्रश्नकर्ता

सीमा अनियमित आणि झिजेची आहे. वाळूच्या तळाशी खालच्या थरातील कालवांचे तुकडे विखुरलेले आहेत. शिंपल्यांतील ऑक्सिजन समस्थानिकांचे, म्हणजे जड व हलक्या ऑक्सिजनच्या गुणोत्तराचे, विश्लेषण केल्यास निर्णय होईल का?

प्रतिसाद ३

त्या विश्लेषणाने एवढ्यात निर्णय होणार नाही. त्या गुणोत्तरातील दर हजारी १ इतका फरक साधारण ४ अंश सेल्सिअस तापमानबदलाशी जुळतो खरा, पण नदीच्या पाण्यात जड ऑक्सिजन कमी असल्याने खाडीच्या परिसरात तोच फरक गोड्या पाण्याच्या मिश्रणामुळेही पडतो. शिवाय झिजलेला शिंपला मुळात कोठला, हेच ठाऊक नसताना त्याच्या रसायनावरून या थराचे पाणी कसे ओळखणार?

झिजेची सीमा आहे म्हणजे वाळूतील अमोनियासुद्धा खालच्या चिखलातून उकरून आलेला असू शकतो, आणि ही शक्यता मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सीमेलगतचा आणि वाळूच्या माथ्याजवळचा असे दोन नमुने वेगवेगळे मोजावेत. वर जाताना अमोनिया झपाट्याने घटत असेल, तर तो उसना आहे असे धरून थराचा अर्थ स्तररचनेवरून लावावा. तो वरपर्यंत सर्व वयांच्या कवचांसह टिकून असेल, तर खाडीच्या मुखाचा पर्याय अधिक बळकट ठरतो.