डाग, टाका की सोल्डर?

प्रश्न, दर्यापूरकडून
वावराला रोही (नीलगाय) अन् डुकरांसाठी कुंपणाच्या तारेत विजेचे ठोके सोडणारी झटका मशीन लावली आहे. परवा तिची टिकटिक बंद पडली. दुकानदारानं झाकण काढलं, सर्किटवर भिंग धरलं आणि मला दाखवलं: ट्रान्सफॉर्मरच्या पायाभोवती केसाएवढी गोल चीर. "टाका सुटला, डाग देऊन देतो," म्हणाला. घरी सांगितलं तर आजी म्हणते, "डाग तं गुंडाले देतेत बाप्पा, मशीनले कायचा डाग?" धातू वितळवून असा जोड देण्याला आयटीआयमध्ये आम्ही नुसतं सोल्डरिंग म्हणायचो. पुस्तकात 'झाळणे' वाचल्याचं आठवतं. यातला नेमका शब्द कोणता?

अकोल्याहून
आजीचं बरोबर आहे. फुटक्या गुंडाला, म्हणजे भांड्याला डाग. पण या शब्दावर आधीच फार ओझं आहे: कपड्यावरचा डाग, बैलाला दिलेला डाग, सोन्याचा डाग म्हणजे दागिना. त्यात सर्किटचाही घातला तर ऐकणाऱ्यानं काय समजावं? 'झाळणे' नेटका आहे, पण तो सोनाराच्या दुकानाबाहेर मी कुणाच्या तोंडी ऐकलेला नाही.

यवतमाळहून
मग 'टाका' घ्या की. कापडालाही टाका, धातूलाही टाका. संस्कृत धातुपाठात 'टकि बन्धने' आहे, म्हणजे मुळात अर्थच बांधण्याचा. सोनार डाख (दागिन्याचा जोड) देताना जो टाकणखार वापरतो, त्याचं संस्कृत नाव टंकण. उलट 'सोल्डर' लॅटिनमधल्या 'सोलिडारे'वरून आला, त्याचा अर्थ घट्ट करणे. अमेरिकन व्हिडिओत तर ते 'ल' गिळून 'सॉडर' म्हणतात. आमच्या पोरानं त्या नावाची वस्तू दुकानात मागितली, दुकानदार सोडा काढायला लागला.

पुसदहून, दुरुस्तीचं दुकान आहे
पंधरा वर्षं हेच काम करतो, म्हणून थोडं लांब लिहितो. नाव काहीही ठेवा, आमच्या धंद्यातला खरा शब्द क्रियापद आहे: धरणे. "सोल्डर धरत नाही." कल्हईवालाही हेच म्हणायचा, कल्हई धरली नाही.

धरतं कधी? पाय आणि बोर्डावरची तांब्याची टिकली, दोन्ही एकदम तापले तर. नवखा पोरगा काय करतो, सोल्डरची तार थेट सोल्डरिंग आयर्नच्या तापलेल्या टोकावर वितळवतो आणि थेंब सांध्यावर टेकवतो. थेंब बसतो, धरत नाही. वरून गोल मणी दिसतो, खाली पाय सुटाच. टोक पाय आणि टिकली यांच्या कोपऱ्यात लावायचं, क्षणभर थांबायचं, मग तार समोरच्या बाजूनं सांध्याला लावायची, टोकाला नाही. तापलं असेल तर सोल्डर आपणहून पायाभोवती पळतं आणि कडा बोर्डाकडे उतरती होते. दोन-तीन सेकंदांचं काम. आधी तार काढायची, मग टोक. निवेपर्यंत हलवायचं नाही, फुंकर तर मुळीच नाही. उगाच रेटत बसलात तर टिकलीच उखडून येते.

तारेच्या पोटात राळ असते, ती वितळून तांब्यावरची काजळी खाते. कल्हईला नवसागर लागायचा तो याचसाठी. पण नवसागर सर्किटवर वापरू नका. मागे उरला की ओल धरतो आणि तांबं हिरवं पडतं. बिनकल्हईच्या पितळेत दही कळकतं तसं बोर्ड कळकतं.

वर्ध्याहून
दादा, 'कळकतं' वाचून बरं वाटलं. 'कल्हई' अरबी 'कलई'वरून, अर्थ कथील. आपलं 'कथील' मात्र संस्कृत 'कस्तीर'शी जुळतं, आणि ग्रीकात कथलाला 'कासिटेरॉस' म्हणतात. कोणी कोणाकडून घेतला यावर वाद आहे. कथलाच्या खनिजाचं कॅसिटेराइट हे नाव त्या ग्रीक शब्दावरून पडलं.

अकोल्याहून
पण दुकानात मिळणारी तार निव्वळ कथलाची नसते ना?

पुसदहून
नाही. माझी 63 भाग कथील, 37 भाग शिसं. 183 अंशाला एकदम पातळ होते, एकदम गोठते. 60-40 ची मध्ये जरा खिरीसारखी राहते, तेवढ्यात हात हलला तर सांधा खरबरीत. युरोपात 1 जुलै 2006 पासून नव्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिशावर बंधन आलं. बिनशिशाची तार साधारण 217 अंशाला वितळायला लागते आणि चांगला सांधाही मळकट दिसतो. म्हणून 'चकाकलं म्हणजे धरलं' हा जुना नियम तिथं लावू नका. धूर निघतो तो राळेचा, शिशाचा नाही. शिसं हातावर राहतं, भाकरीला हात लावायच्या आधी धुवा.

यवतमाळहून
म्हणजे न धरलेल्या सांध्याला, ज्याला सगळे 'ड्राय सोल्डर' म्हणतात, त्याला 'कच्चा टाका' म्हणता येईल. शिवणकामात आहेच.

पुसदहून
चालेल, पण या भाऊच्या मशीनला नाही. तो पहिल्यापासून कच्चा नव्हता. जड ट्रान्सफॉर्मर, दिवसा ऊन, रात्री गारवा, आणि दर सेकंदाला ठोका. पायाभोवती गोल चीर पडते ती त्यानं. तो उसवलेला टाका. त्यावर नुसतं नवं सोल्डर चढवू नका, जुनं वितळवून सोल्डर ओढायच्या पंपानं काढा, मग नव्यानं भरा.

दर्यापूरहून
काका, 'उसवलेला' आजीलाही पटला. दुकानदाराला फोन केला, तो म्हणे जुनं काढलंच नाही, वरूनच दिलं. मशीन उद्या परत नेतो.