मदत हवी आहे : ग्लूएन-१ मधला पाचवा एक्झॉन प्रोटॉनांचा दाब कसा उतरवतो?

नमस्कार. पदव्युत्तर वर्गातल्या चर्चासत्रासाठी मी पर्यायी स्प्लायसिंग (एकाच जनुकाच्या आरएनएचे तुकडे वेगवेगळ्या प्रकारे जोडून निरनिराळी प्रथिने बनणे) हा विषय घेतला असून, उदाहरण म्हणून मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरचा (ग्लुटामेट बांधल्यावर उघडणाऱ्या आयन-वाहिनीचा) ग्लूएन-१ हा उपघटक निवडला आहे. १९९१ मध्ये क्योटोतल्या नाकानिशी यांच्या गटाने शोधलेल्या या एकाच जनुकापासून, पाचवा एक्झॉन (जनुकातला प्रथिनात उतरणारा तुकडा), एकविसावा आणि बाविसाव्याचा काही भाग एमआरएनएमध्ये राहतो की गळतो यानुसार, आठ रूपे तयार होतात.

शेपटीकडच्या एक्झॉनांचे काम मला समजले आहे. एकविसाव्यातली लागोपाठची तीन आर्जिनिने (अमिनो आम्ले) प्रथिनाला पेशीच्या आतच अडवून धरतात, त्यामुळे पृष्ठभागावर किती रिसेप्टर पोचतील हे ठरते.

अडचण पाचव्याची आहे. तो जेमतेम २१ अमिनो आम्लांचा आणि तोही पेशीबाहेरच्या भागात, वाहिनीच्या दारापासून बराच लांब. असे असूनही, तो नसलेले रिसेप्टर ७.४ च्या आसपासच्या सामूलाही, म्हणजे निरोगी मेंदूतसुद्धा, प्रोटॉनांमुळे निम्म्याच्या आसपास दबलेले असतात. तो असला की हा दाब पुष्कळ उतरतो. शिवाय स्पर्मिन (पेशींमध्ये आढळणारा एक छोटा रेणू) नेमका पाचवा एक्झॉन नसलेल्यांचाच प्रवाह वाढवते. प्रोटॉन वाहिनीत बुचासारखा बसत असेल, तर इतक्या दूरचा तुकडा ते बूच काढतो कसा?

प्रतिसाद :
बुचाची कल्पना सोडून द्यावी. वाहिनीत अडकलेल्या भारावर पटलाच्या विद्युतदाबाचा परिणाम दिसला असता. प्रोटॉनांचा रोध त्यावर अवलंबून नसतो. प्रोटॉन वाट अडवत नाहीत, दार उघडणे अवघड करतात. रिसेप्टरच्या बाहेरच्या भागाला दोन मजले असतात : वर अमिनो टोकाचा, खाली ग्लुटामेट आणि ग्लायसिन बांधणारा. या मजल्यांची परस्परांतली हालचाल दारापर्यंत पोचते आणि पाचव्या एक्झॉनचा तुकडा त्यांच्या सांध्यापाशीच असतो. त्यातल्या लायसिनांचा धनभार महत्त्वाचा आहे. स्पर्मिनही धनभारितच, म्हणून १९९५ मध्ये ट्रेनेलिस आणि सहकाऱ्यांनी असे मांडले की, हा तुकडा म्हणजे जणू कायमचे जोडून ठेवलेले स्पर्मिन आहे. ते काम आधीच झालेले असल्यामुळे बाहेरून स्पर्मिन घालून तिथे फरक पडत नाही.

मूळ लेखक :
आभारी आहे, दोन कोडी वाटत होती, ती एकच निघाली. आता एवढेच विचारतो : प्रत्येक रिसेप्टरमध्ये ग्लूएन-१ चे दोन उपघटक असतात, तर त्यांपैकी एकातच पाचवा एक्झॉन असल्यास प्रोटॉनांचा दाब अर्धवट उतरतो का?